पिल्लू लहान, भूक मोठी

कुत्र्याचे पिल्लू घरात आले की पहिल्या दिवशी दोन गोष्टींवर जोरात चर्चा होते. नाव काय ठेवायचे आणि रात्री झोपवायचे कुठे. खायला काय घालायचे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर आपल्याकडे आधीच ठरलेले असते. वाटीभर दूध आणि त्यात कुस्करलेली पोळी. आजीने हेच घातले, आईने हेच घातले, वाड्यातली कुत्री त्यावरच वाढली. मग आता नवीन काय सांगता, असे आपण म्हणाल.

हे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण वाड्यातले कुत्रे आणि आज आपल्या फ्लॅटमध्ये सतरंजीवर बसलेले पॉमेरेनियनचे किंवा पगचे पिल्लू यांत मोठा फरक आहे. वाड्यातले कुत्रे चार घरची भाकरी खाई, खाटकाच्या दुकानापाशी घुटमळे, उकिरडा उकरी, एखादा उंदीरही मारी. दूध-पोळीत जे कमी पडे, ते ते स्वतः हिंडून मिळवी. आपले हे चिमुकले पिल्लू कुठे हिंडणार? आपण वाटीत घालू तेवढेच त्याच्या पोटात जाणार. वाटीत जे नाही, ते त्याला दुसरीकडून मिळायची सोय नाही. म्हणून ती वाटी भरण्याआधी थोडा विचार करायला हवा.

लहान जातीची कुत्री म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावरही साधारण दहा किलोच्या आत राहणारी. चिवावा, पॉमेरेनियन, शिह त्झू, ल्हासा अप्सो, पग, डॅशहुंड ही त्यांतली आपल्या शहरांत दिसणारी नावे. आपण ज्याला सरसकट 'पॉम' म्हणतो, तो पुष्कळदा भारतीय स्पिट्झ असतो; तोही याच गटातला. दोन खोल्यांच्या जागेत मावतात, म्हणून लोक ही कुत्री आणतात. आणि इथेच पहिली गैरसमजूत होते. कुत्रे लहान, तेव्हा त्याची भूकही लहान, असे आपण धरून चालतो.

आता थोडे गणित करू. घाबरू नका, सोपेच आहे. मॅक्स क्लायबर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३२ साली असे दाखवून दिले की, प्राण्याचे वजन ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात त्याची उष्मांकांची गरज वाढत नाही. ती मागे राहते. त्यावरून कुत्र्यांसाठी जो हिशेब आज वापरतात, त्यात एक किलोच्या कुत्र्याला नुसते स्वस्थ पडून राहायला दिवसाला सुमारे ७० उष्मांक लागतात. सोळा किलोच्या कुत्र्याला किती लागतील? सोळापट म्हणजे ११२० असे आपण म्हणू. पण त्याला लागतात फक्त ५६०. म्हणजे किलोमागे पाहिले तर चिमुकल्या कुत्र्याची गरज त्या दांडग्याच्या दुप्पट! घागरीतले गरम पाणी बराच वेळ गरम राहते, फुलपात्रातले पाहता पाहता निवते. लहान अंगाची ऊबही तशीच लवकर जाते, आणि ती टिकवायला चुलीत सारखे सरपण घालावे लागते.

त्यात हे तर वाढते पिल्लू. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला स्वस्थ पडून राहण्याच्या गरजेच्या जवळजवळ तिप्पट उष्मांक लागतात. म्हणजे एक किलोच्या पिल्लाला दिवसाला सुमारे २१०. पुढे वाढ पुरी होईपर्यंत दुपटीच्या आसपास. आणि हे सारे मावायचे कशात, तर लिंबाएवढ्या पोटात! लहान जातीच्या पिल्लाचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. गरज मोठी आहे आणि जागा लहान आहे.

आता ही गरज दुधाने भागवून पाहू. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात सुमारे ६५ उष्मांक. म्हणजे २१० उष्मांकांसाठी सव्वातीनशे मिलिलिटर दूध प्यायला हवे. पिल्लाचे वजन एक किलो! साठ किलोच्या माणसाने रोज वीस लिटर दूध रिचवावे, तसला हा प्रकार झाला. साहजिकच पिल्लाचे पोट भरते ते पाण्याने, आणि खरी भूक तशीच राहते.

"पण ते आईचे दूधच पीत होते की!" बरोबर. मात्र कुत्रीचे दूध आणि गाईचे दूध एक नव्हे. कुत्रीच्या दुधात प्रथिने सात-आठ टक्के आणि स्निग्धांश नऊ टक्क्यांच्या आसपास असतो. गाईच्या दुधात प्रथिने सव्वातीन आणि स्निग्धांश चार टक्क्यांच्या घरात. कुत्रीचे दूध म्हणजे गाईचे दूध आटवून निम्मे करावे, तसे दाट. म्हशीच्या दुधात साय अधिक, पण प्रथिने तिथेही कमीच पडतात. उलट दुधातली साखर गाई-म्हशींच्या दुधात जास्त. ती न पचल्यामुळे पुष्कळ पिल्लांना जुलाब लागतात, आणि आपण म्हणतो, "नवीन जागा आहे, मानवली नसेल." जागा मानवते हो, दूध मानवत नाही! त्यापेक्षा चमचाभर ताजे दही बरे. विरजणात ती साखर थोडी कमी झालेली असते.

पोळीचे काय? पोळी किंवा भात हे कुत्र्याला विष आहे, असे हल्ली काही जण सांगतात. तसे मुळीच नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखवले की, माणसाच्या संगतीत राहून कुत्र्याला पिष्टमय पदार्थ पचवण्याची शक्ती लांडग्यापेक्षा पुष्कळ अधिक आली आहे. चांगला शिजलेला भात तो सुखाने पचवतो. प्रश्न पचण्याचा नाही, पुरण्याचा आहे. पोळी-भाताने पोट भरते, पण स्नायू बांधायला लागणारी प्रथिने आणि हाडे बांधायला लागणारा चुना त्यांत पुरेसा नसतो.

मग केवळ मटण-कोंबडी घालावी का? मांसाहारी घरांतून ही चूक हौसेने होते. नुसत्या मांसात प्रथिने भरपूर, पण चुना जवळजवळ नाही, आणि स्फुरद मात्र चुन्याच्या पंधरा-वीसपट. पिल्लाला हवे ते उलटे: चुना स्फुरदाच्या बरोबरीने किंवा थोडा जास्त. आहारात चुना कमी पडला की शरीर तो आपल्याच हाडांतून काढून रक्तात आणते. हाडे पोकळ होतात, पाय वाकतात, सोफ्यावरून साधी उडी मारली तरी हाड मोडते. रोज कोंबडी खाणाऱ्या पिल्लावर ही पाळी येते, याचे लोकांना नवल वाटते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपण तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात धरतो, त्याच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. कुत्र्याच्या त्वचेत ते पुरेसे तयार होत नाही. त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. तेव्हा पिल्लू गॅलरीत उन्हाला बसते, हाडे आपोआप मजबूत होतील, या भरवशावर राहू नये.

यावर कोणी सुगृहिणी म्हणेल, "मग मी सगळेच थोडे थोडे घालते. भात, कोंबडी, गाजर, अंडे." कल्पना चांगली, पण मोजमाप अवघड. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात कुत्र्यांसाठीच्या घरगुती जेवणाच्या २०० कृती तपासल्या गेल्या. पुस्तकांत छापलेल्या, जाणकारांनी दिलेल्याही त्यांत होत्या. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ९५ टक्के कृतींत एखादा तरी आवश्यक घटक कमी होता. या कृती मोठ्या कुत्र्यांसाठी होत्या. मोठे कुत्रे थोडे कमी-जास्त सोसते. पिल्लाची हाडे आणि मेंदू मात्र याच काही महिन्यांत घडत असतात. तेव्हा राहून गेलेले पुढे भरून काढता येईलच असे नाही. घरचेच घालायचे असेल तर जरूर घाला, पण पशुवैद्याकडून वजनाप्रमाणे लिहून घेतलेली कृती, त्यातल्या चुन्याच्या आणि जीवनसत्त्वांच्या पुडीसकट, काट्यावर मोजून करा. अंदाजपंचे नको.

ज्याला एवढे जमत नाही, त्याने पिल्लांसाठीचे तयार खाद्य घ्यावे. हे काही कालपरवाचे खूळ नव्हे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन गृहस्थ लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे विकू लागला, तेव्हापासून हा धंदा चालू आहे. आज दुकानात गेलो की पिशव्यांची भिंतच समोर उभी राहते. कुठली घ्यायची? पिशवीवरचे गोंडस चित्र पाहू नका. पिशवी उलटी करा आणि मागची बारीक अक्षरे वाचा.

पहिली गोष्ट. 'संपूर्ण व समतोल' आणि 'वाढीसाठी', अशा अर्थाचे शब्द इंग्रजीत लिहिले आहेत का? 'पूरक' असे लिहिले असेल तर ते फक्त तोंडी लावणे समजा. अमेरिकेतील पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांची 'आफ्को' ही संघटना आणि युरोपातील 'फेडियाफ' यांची प्रमाणे चांगल्या कंपन्या पाळतात. आफ्कोच्या हिशेबात पाण्याचा अंश वगळून वाढत्या पिल्लासाठी प्रथिने निदान साडेबावीस टक्के आणि स्निग्धांश साडेआठ टक्के हवा. मोठ्या कुत्र्याला अठरा आणि साडेपाच पुरतात. यावरून, थोरल्या कुत्र्याची पिशवी धाकट्यालाही चालेल, ही काटकसर का चुकीची हे कळेल.

दुसरी गोष्ट. डब्यातल्या ओल्या खाद्यावर प्रथिने ९ टक्के आणि कोरड्यावर २८ टक्के लिहिलेली पाहून फसू नका. ओल्या खाद्यात ७८ टक्के पाणीच असते. उरलेल्या २२ भागांत ९ भाग प्रथिने, म्हणजे पाणी वजा करता ४१ टक्के झाली. ओले वाईट नाही, पण त्यात उष्मांक पातळ असतात, त्यामुळे ते पुष्कळ घालावे लागते. कोरड्या खाद्याच्या शंभर ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० उष्मांक मिळतात. आपल्या एक किलोच्या पिल्लाला त्याचे ५५ ग्रॅमच्या आसपास पुरे. सव्वातीनशे मिलिलिटर दूध कुठे आणि पंचावन्न ग्रॅम दाणे कुठे! 'गरज मोठी, जागा लहान' या कोड्याचे उत्तर ते हेच.

तिसरी गोष्ट. दाणा लहान हवा. या पिल्लांचा जबडा चिमुकला, दुधाचे दात अठ्ठावीस. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. तोपर्यंत मोठा दाणा फुटत नाही. पिल्लू कंटाळून उठते आणि आपण म्हणतो, खाण्याचे चोचले आहेत. कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून द्या, वासही सुटतो. 'मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी' असे लिहिलेली पिशवी मात्र घेऊ नका. लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डची वाढ फार झपाट्याने झाली तर सांधे बिघडतात, म्हणून त्या खाद्यात उष्मांक आणि चुना मुद्दाम आवरलेला असतो.

'धान्यविरहित' असे ठळक लिहिलेल्या महाग पिशवीला भुलू नये. धान्याऐवजी वाटाणे-मसूर भरलेल्या अशा काही खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध असावा, असा इशारा अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१८ साली दिला होता. नक्की संबंध अजून सिद्ध झालेला नाही. पण ज्या पिल्लाला धान्य सोसते, त्याला ते टाळण्याचे कारणही नाही.

आणि सुटे खाद्य घेऊ नका. पोत्यातून मापाने दिलेले दाणे स्वस्त पडतात खरे, पण त्यांची तारीख कळत नाही. आपल्याकडच्या, विशेषतः कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात ते सादळतात, चरबी खवट होते, बुरशी धरते. लहान पिशवी घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि उघडल्यावर महिन्या-सवा महिन्यात संपवा.

आता खाद्याइतकेच महत्त्वाचे वेळेचे. दोन-तीन महिन्यांच्या अगदी लहान जातीच्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा असतो. सहा-आठ तास पोटात काही गेले नाही, त्यात थंडी किंवा जुलाब असले, तर रक्तातली साखर एकदम उतरते. पिल्लू मलूल होते, झोकांड्या खाते, थरथरते, झटकेही येतात. कित्येक पिल्ले अशी हातची जातात, आणि नजर लागली असे लोक म्हणतात. असे दिसले तर ताबडतोब मध किंवा साखरेचे दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा. बेशुद्ध पिल्लाच्या घशात काही ओतू नका. मग त्याला उबेत गुंडाळून तडक पशुवैद्याकडे न्या. शुद्धीवर आले म्हणून घरी थांबू नका.

हे टाळण्याचा उपाय सोपा आहे. चार महिन्यांपर्यंत दिवसाचे अन्न चार वेळा वाटून द्यावे. फारच चिमुकले असेल तर पाच वेळा. शेवटचे आपण झोपण्यापूर्वी. सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोन वेळा. आपली एकादशी आपल्यापाशी. पिल्लाला उपास घडवू नये. घरातली सगळी माणसे कामावर जाणारी असतील तर दुपारच्या जेवणाची व्यवस्था आधी करा आणि मग पिल्लू आणा. आणि आणल्याबरोबर खाणे बदलू नका. आधीच्या मालकाकडे जे खात होते तेच दोन-चार दिवस द्या, मग आठ-दहा दिवसांत थोडे थोडे नवे मिसळत पूर्ण बदला.

घरात येणाऱ्या-जाणाऱ्याने प्रेमाने भरवलेले घासही मोजायला हवेत. वरखाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये. २१० उष्मांकांचे दहा टक्के म्हणजे २१. एका मारी बिस्किटात तेवढे होऊन जातात! काका, मावशी आणि शेजारचा बाळू यांनी एकेक बिस्किट दिले, की पिल्लाचे जेवणच बिघडते. द्यायचेच तर उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा, पनीरचा चिमूटभर चुरा, उकडलेल्या गाजराची फोड द्या.

काही पदार्थ मात्र चिमूटभरही नकोत, आणि ते आपल्या स्वयंपाकघरात रोजच असतात. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने त्यांतला दोष जात नाही. दोन किलोच्या पिल्लाला तीस ग्रॅम कांदा, म्हणजे लहानशा कांद्याचा अर्धा भाग, बाधू शकतो. तेव्हा रश्शात भिजवलेली पोळी बंद. द्राक्षे आणि बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. नाशिकची द्राक्षे आणि सांगलीचे बेदाणे ज्या घरात येतात, त्यांनी शिऱ्याचा नि लाडवाचा घासही पिल्लाला देऊ नये. याला त्यातले टार्टारिक आम्ल कारण असावे, असे २०२१ साली अमेरिकेतील विषबाधा-तज्ज्ञांनी सुचवले. हे आम्ल चिंचेतही भरपूर असते, म्हणून चिंचेची आमटीही दूरच बरी. चॉकलेट घातक आहेच. साखरविरहित गोळ्यांत आणि च्युइंगगममध्ये झायलिटॉल असते, त्याने पिल्लाची साखर झपाट्याने उतरते. कोंबडीची शिजलेली हाडे टोकदार चिरफळ्या होऊन आतड्यात रुततात.

खाणे योग्य आहे की नाही, हे ओळखायचे कसे? आठवड्यातून एकदा वजन करा आणि वहीत मांडा. बरगड्यांवरून हलका हात फिरवा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. वरून पाहिले तर कंबर किंचित आत गेलेली हवी. अंग रोड आणि पोट तेवढे नगाऱ्यासारखे, ही तब्येतीची खूण नसून बहुधा जंतांची आहे. औषध विचारून घ्या. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातीला तर वाढलेले वजन म्हणजे श्वासावरचे ओझे. लहान जातीची वाढ दहा-बारा महिन्यांत पुरी होते. तेव्हा पिल्लांचे खाद्य थांबवून हळूहळू मोठ्यांच्या खाद्यावर आणावे.

राहिला खर्चाचा प्रश्न. चांगले खाद्य महाग असते, हे खरे. पण हिशेब करून पाहा. पंचावन्न ग्रॅमप्रमाणे महिन्याला पावणेदोन किलोही लागत नाही. पुढे तीन किलोचे झाल्यावरही महिन्याला दोन किलोंच्या आसपास पुरते. मोठ्या कुत्र्याच्या मालकाला चार वेळा विचार करावा लागतो, ते लहान कुत्र्याच्या मालकाला एका वेळेत परवडते. तेव्हा वाटी लहानच असू द्या. फक्त तिच्यात काय पडते आहे, याकडे पहिले वर्षभर लक्ष असावे. यातली पुष्कळ कुत्री बारा-चौदा वर्षे आपली सोबत करतात, आणि त्यांची हाडे, दात नि तब्येत याच पहिल्या वर्षाच्या वाटीवर उभी राहतात.